शुक्रावर उतरलेली यानं दोन तासांत का गप्प झाली?

पलूसहून बारावी विज्ञानच्या एका मुलीने प्रश्न पाठवला आहे. ती लिहिते, "शुक्र आपल्याला मंगळापेक्षा जवळ आहे. मंगळावर गाड्या वर्षानुवर्षं फिरतात, मग शुक्रावर उतरलेली यानं तास-दोन तासांत बंद का पडली? रशियाने इतकी यानं पाठवली, ती वायाच गेली ना?"

बाळ, मी अवकाशयानं बनवलेली नाहीत. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा को-जनच्या, म्हणजे उसाचा भुसा जाळून वीज करणाऱ्या, मोठ्या बॉयलरवर. दाब आणि उष्णता यांच्याशी माझा रोजचा संबंध. शुक्राचा नाद लागला तोही त्यातूनच. आमचा नवा बॉयलर आला तेव्हा त्याच्या पाटीवर कोरलेलं होतं, वाफेचा दाब ८७ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला), तापमान ५१५ अंश. त्याच सुमारास मी वाचलं की शुक्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट आणि तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असतं. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. जी वाफ आम्ही खास मिश्रधातूच्या जाड नळ्यांत कोंडून ठेवतो, जिच्या लाइनच्या फ्लँजजवळून, म्हणजे जोडाजवळून, जाताना जुना फायरमनसुद्धा अंग चोरतो, जवळपास त्याच दाबाची आणि तशीच तापलेली हवा त्या ग्रहावर सगळीकडे पसरली आहे. मैदानात, दरीत, दिवसा, रात्री. आपण पहाटे जिला शुक्राची चांदणी म्हणतो, तिच्यावर.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या बाजूने देतो. थोडक्यात सांगायचं तर यानं दाबाने मरत होती, त्यावर उपाय सापडला. उष्णतेवर मात्र उपाय नव्हता, नुसती मुदत वाढवून घेता येत होती. आणि वाया तर त्यातलं एकही गेलं नाही. हे कसं, ते आता नीट बघू.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी यातलं काहीच कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. शुक्रावर ढगांची अखंड गोधडी आहे, दुर्बिणीतून जमीन दिसतच नाही. आकार जवळजवळ पृथ्वीएवढा, व्यास १२,१०४ किलोमीटर, त्यामुळे ढगांखाली समुद्र असतील, दलदल असेल असं मानणारे चांगले शास्त्रज्ञ होते. १९५६ साली अमेरिकेत रेडिओ दुर्बिणीने शुक्राकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजल्या तेव्हा तापमान ३०० अंशांच्या वर असल्याचं दिसलं. पण ती उष्णता जमिनीची की वरच्या विद्युतभारित थराची, यावर वाद राहिला. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचं मरीनर २ शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन माहिती पाठवणारं ते पहिलं यान. त्याने बिंबाच्या मध्यावर आणि कडेला मोजमाप केलं आणि उष्णता खालूनच येते आहे हे दाखवलं.

दाब किती, हे तरीही कोडंच होतं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

सोव्हिएत संघाने (तू रशिया म्हणतेस, तेव्हा तो सोव्हिएत संघ होता) १९६१ पासून शुक्राकडे यानं सोडायला सुरुवात केली होती. त्या मालिकेचं नाव व्हेनेरा. पहिल्या व्हेनेराशी संपर्क वाटेतच तुटला. व्हेनेरा ३ मार्च १९६६ मध्ये शुक्रावर जाऊन आदळलं, दुसऱ्या ग्रहाला स्पर्श करणारी ती पहिली मानवनिर्मित वस्तू, पण त्याआधीच ते मुकं झालं होतं. मग जून १९६७ मध्ये व्हेनेरा ४ निघालं. ते बांधणाऱ्यांपुढे प्रश्न होता की कुपी, म्हणजे यानातला खाली उतरणारा बंद भाग, किती दाबासाठी बांधायची. अंदाज इतके वेगवेगळे होते की त्यांनी १० वातावरण दाबाचा (एक वातावरण म्हणजे पृथ्वीवरच्या हवेचा दाब, जवळपास एक किलो) हिशोब धरला आणि वर थोडी सोय ठेवली. खाली पाणी असेल तर म्हणून कुपी तरंगेल अशीही केली. तिच्यावर साखरेचं एक कुलूप होतं. यान समुद्रात पडलं तर पाण्यात साखर विरघळेल, कुलूप सुटेल आणि अँटेना मोकळी होईल, अशी योजना.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पॅन हाउसच्या, म्हणजे साखर तयार होते त्या विभागाच्या, मंडळींना मुद्दाम जाऊन सांगितलं. आपण बनवतो ती साधी साखर, पाण्यात हमखास विरघळणारी आणि कोरड्या जागी टणक राहणारी, शुक्राच्या दारापर्यंत गेली होती. पाणी आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या ठिकाणी जाताना याहून खात्रीचा, विजेशिवाय चालणारा खटका दुसरा कुठला असेल?

१८ ऑक्टोबर १९६७ ला ती कुपी पॅराशूटने उतरू लागली आणि ९३ मिनिटं आकडे पाठवत राहिली. हवेत जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड निघाला. तापमान चढत चढत २६२ अंशांवर गेलं, दाब २२ वातावरणांवर, आणि मग आवाज बंद झाला. मॉस्कोने जाहीर केलं की यान जमिनीवर पोहोचलं. पण दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरीनर ५ शुक्राजवळून गेलं. त्याच्या रेडिओलहरी शुक्राच्या हवेतून येताना किती वाकल्या यावरून हिशोब केला, तर जमिनीवरचा दाब ७५ ते १०० वातावरण असायला हवा होता. व्हेनेरा ४ जमिनीपासून अजून पंचवीसेक किलोमीटर वर होतं. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून शास्त्रज्ञ भांडले, बसले, पुन्हा भांडले, आणि शेवटी मोठा आकडा सगळ्यांनी मान्य केला.

पुढची दोन यानं, व्हेनेरा ५ आणि ६, जानेवारी १९६९ मध्येच निघायची होती. शुक्राकडे जायची योग्य वेळ साधारण एकोणीस महिन्यांनी येते, ती चुकली की थांबा. तेवढ्या अवधीत भांडं थोडं बळकट केलं, २५ वातावरणांपर्यंत, आणि पॅराशूट लहान केलं, म्हणजे लवकर खाली जाऊन जास्त खोलवरची माहिती मिळावी. दोन्ही यानं मे १९६९ मध्ये पन्नासेक मिनिटं बोलत खाली गेली आणि सोसण्याची हद्द गाठल्यावर जमिनीच्या बऱ्याच वर संपली.

इथे जरा थांबतो, कारण दाबाबद्दल एक गोष्ट पुस्तकात वाचून अंगात भिनत नाही. आमचा बॉयलर ८७ किलो दाब सोसतो, मग यानाला ९२ सोसणं एवढं कठीण का? फरक आतल्या-बाहेरच्या दाबाचा आहे. बॉयलरमध्ये दाब आत असतो. भांडं ताणलं जातं, आणि ताणलेलं भांडं थोडं वेडंवाकडं असलं तरी आपण होऊन गोल व्हायला बघतं. यानाला दाब बाहेरून असतो. तिथे कुठे केसभर पोचा असला, तर दाब नेमका तिथेच शिरतो, पोचा वाढतो, वाढला की आणखी कमजोर होतो, आणि क्षणात सगळं आत कोसळतं.

मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. एका कारखान्यात हंगाम संपल्यावर रसाची मोठी टाकी वाफ सोडून साफ केली होती. वाफ बंद करताना व्हेंट उघडायचा राहिला. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, पत्रा गार पडला, आतल्या वाफेचं पाणी झालं आणि टाकी आतून रिकामी होत गेली. तोफेसारखा आवाज झाला. आम्ही धावत गेलो तर दोन मजली टाकीची एक बाजू आत ओढली गेली होती, रिकामी प्लास्टिकची बाटली मुठीत दाबावी तशी. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पण लक्षात ठेव, तिथे दाबातला फरक एका वातावरणाहूनही कमी होता. शुक्रावर तो ९२ पट. तळहाताएवढ्या जागेवर नऊ टनांच्या वर भार, म्हणजे उसाची एक भरलेली ट्रॉली. तू तळहात पुढे कर आणि त्यावर ती ट्रॉली उभी आहे अशी कल्पना कर.

म्हणून व्हेनेरा ७ वेगळ्याच विचाराने बांधलं. टायटॅनियमचं गोलसर, जड भांडं, १८० वातावरण दाब आणि ५४० अंश तापमानाच्या हिशोबाने. अंदाजाच्या दुप्पट! आमच्याकडे याला मार्जिन म्हणतात, आणि नव्या ठिकाणी जाताना मार्जिन ठेवण्यासारखा शहाणपणा नाही. १५ डिसेंबर १९७० ला ते उतरायला लागलं. पॅराशूटने दगा दिला. सेकंदाला सोळा-सतरा मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने ते जमिनीवर आदळलं आणि संदेश थांबला. सगळ्यांना वाटलं, संपलं.

पण टेप चालू होती. काही आठवड्यांनी त्या टेपवरची खरखर पुन्हा बारकाईने तपासली, तेव्हा तिच्यात एक अगदी क्षीण संदेश सापडला, मूळच्या तीनेक टक्के ताकदीचा. बहुधा आदळल्यावर यान कलंडलं असावं आणि अँटेनाचं तोंड पृथ्वीकडून वळलं असावं. तेवीस मिनिटं ते बोलत होतं. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसापर्यंत पोहोचलेले ते पहिले शब्द.

त्यातही एक अडचण होती. मोजमापं आळीपाळीने पाठवणारा स्विच अडकला होता, त्यामुळे फक्त तापमान येत होतं. आकडा स्थिर होता, ४७५ च्या आसपास. दाबाचा आकडा नाहीच. मग तो काढला कसा? बॉयलरवर काम केलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल. ड्रमचा, म्हणजे बॉयलरच्या वाफेच्या टाकीचा, प्रेशर गेज बिघडला तर आम्ही तापमान बघतो आणि स्टीम टेबल उघडून दाब सांगतो, कारण ड्रममधल्या वाफेचा दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. शुक्रावरची हवा म्हणजे ड्रममधली वाफ नव्हे, तिथलं नातं वेगळं. पण यान किती वेगाने खाली जात होतं हे लहरींच्या बदलावरून कळलं होतं, तापमान दर टप्प्याला ठाऊक होतं, वायू कोणता हे व्हेनेरा ४ ने सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी मांडलं की दाब ९० वातावरण, पंधराएक इकडेतिकडे. आज आपण ९२ म्हणतो. अडकलेल्या स्विचच्या यानाकडून काढलेला आकडा इतका बरोबर यावा, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

दाबाचा प्रश्न इथे सुटला. १९७२ साली व्हेनेरा ८ पन्नास मिनिटं टिकलं आणि जमिनीवर दाट ढगाळ दिवसाएवढा उजेड आहे, फोटो काढता येतील, हे सांगून गेलं. त्या भरवशावर ऑक्टोबर १९७५ मध्ये व्हेनेरा ९ आणि १० ने दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरचे पहिले फोटो पाठवले. सोबत दिवे नेले होते, त्यांची गरजही पडली नाही. चपटे, धारदार कडांचे दगड, आपल्या घाटातल्या पाथरीसारखे. ते चित्र एकदा जरूर बघ.

आता उष्णता. तुझ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

दाबाला भिंत अडवते. भिंत जाड केली, आकार बरोबर ठेवला, तर दाब शंभर वर्षं बाहेर उभा राहील, आत येणार नाही. उष्णतेचं तसं नाही. तिला भिंत अडवत नाही, फक्त हळू चालायला लावते. आमच्या वाफेच्या लाइनवर वीतभर जाड लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, असतं, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. आत ५१५ अंश आणि बाहेर पत्र्याला हात लावता येतो. नव्या पोरांना वाटतं की उष्णता अडवली. अडवलेली नसते. ती सतत झिरपत असते आणि बाहेरची हवा ती वाहून नेते म्हणून पत्रा गार राहतो. ती वाहून नेणारी गार जागाच काढून घेतली तर पत्रासुद्धा हळूहळू ५१५ वर जाईल. शुक्रावर यान म्हणजे उलटी लाइन. बाहेर ४६५ अंश, आत नाजूक यंत्रं, आणि आत झिरपलेली उष्णता कुठे टाकायची म्हटलं तर जागाच नाही.

तू म्हणशील, फ्रीज बसवायचा. फ्रीज उष्णता नाहीशी करत नाही, ती आतून उचलून मागच्या जाळीतून खोलीत टाकतो. त्यासाठी जाळी खोलीहून गरम असावी लागते. शुक्रावर ती जाळी ४६५ हून गरम ठेवावी लागेल, असा कॉम्प्रेसर लागेल आणि तो चालवायला भरपूर वीज. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, जस्त ४१९ वर. सर्किटच्या पाट्यांवरचा साधा डाख तर २०० च्या आतच पाघळतो. सिलिकॉनच्या चिपा अडीचशेच्या पुढे बेभरवशाच्या होतात.

म्हणून सोव्हिएत अभियंत्यांनी लढाई जिंकायचा विचार सोडून वेळ विकत घ्यायचं ठरवलं. उतरण्याआधी मुख्य यानातून थंड वायू खेळवून कुपी शून्याखाली, उणे दहाच्या आसपास नेली. भिंतींना जाड निरोधक आवरण दिलं. आणि आत लिथियम नायट्रेटचं पाणी धरलेलं एक क्षार ठेवलं. ते तीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि वितळताना पुष्कळ उष्णता पिऊन टाकतं. आपण पाहुण्यांसाठी पाण्याच्या पिंपात बर्फाची लादी टाकतो ना, लादी संपेपर्यंत पाणी गारच राहतं, तसंच. लादी संपली की मात्र थर्मामीटर पळायला लागतो. पॅराशूटचंही त्यांनी असंच केलं. पन्नास किलोमीटरवरच ते सोडून द्यायचं आणि पुढचा प्रवास नुसत्या एका चकतीच्या आधाराने करायचा. हवा इतकी घट्ट, की यान सेकंदाला सात-आठ मीटरने अलगद टेकतं. पॅराशूटवर तरंगत बसलं तर उतरण्यातच सगळी लादी वितळायची.

या तयारीवर १ मार्च १९८२ ला व्हेनेरा १३ उतरलं. ३२ मिनिटं टिकावं असा हिशोब होता, १२७ मिनिटं टिकलं. सर्वांत जास्त तेच टिकलं. म्हणजे दोन तासांच्या पुढे सात मिनिटं, एवढी दुरुस्ती तुझ्या प्रश्नात कर. आणखीही एक कर: प्रत्येक यान उष्णतेनेच गप्प झालं असं नाही. व्हेनेरा ९ आणि १० थेट पृथ्वीशी बोलत नव्हती, वर फिरणाऱ्या जोडीदार यानाला सांगत होती. जोडीदार टप्प्याबाहेर गेलं आणि संभाषण तुटलं. खाली ती आणखी किती वेळ जागी होती, कोण सांगणार?

व्हेनेरा १३ ने आणि चार दिवसांनी उतरलेल्या १४ ने रंगीत फोटो पाठवले, आणि जमिनीत छिद्र पाडून माती आत घेतली. हा माझा सर्वांत आवडता भाग. टर्बाइन जोडताना आम्ही रोटर (फिरणारा भाग) आणि केसिंग (बाहेरचं कवच) यांच्यामध्ये थंडपणी जी फट ठेवतो, ती गरम झाल्यावर किती उरेल याचा हिशोब करूनच ठेवतो, नाहीतर धातू फुगून रोटर घासतो. त्या ड्रिलचे भाग तर ५०० अंशांना फुगल्यावरच एकमेकांत नीट बसतील असे कापले होते. म्हणजे मॉस्कोच्या कार्यशाळेत थंड असताना ते बरोबर नव्हतेच, शुक्रावर गेल्यावर बरोबर होणार होते. मग ती माती टप्प्याटप्प्याच्या कप्प्यांतून, ९० वातावरणातून जवळजवळ निर्वातात, ४६० अंशांतून ३० अंशांत आणायची आणि क्ष-किरणांनी तपासायची. हे सगळं आपोआप, लादी वितळायच्या आत. माती बेसॉल्टसारखी निघाली, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या कुळातली.

चुकाही झाल्या. व्हेनेरा ९ आणि १० ला दोन-दोन कॅमेरे होते, दोन्हींत एकेका कॅमेऱ्याचं झाकण पडलंच नाही. १९७८ मध्ये ११ आणि १२ चं तर एकही झाकण सुटलं नाही, दोन्ही यानं आंधळी राहिली. १४ ची झाकणं सुटली, पण एक नेमकं तिथे पडलं जिथे जमिनीचा घट्टपणा मोजणारा दांडा टेकायचा होता. चार महिन्यांचा प्रवास आणि तासाभराचं आयुष्य, त्यात असं होणं म्हणजे त्या लोकांच्या पोटात काय कालवलं असेल याची मला कल्पना येते.

आता मंगळ. तिथे हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ, आणि थंडी भयंकर, सरासरी उणे साठ. पण थंडी हा सुटणारा प्रश्न आहे. पेटीत हीटर ठेवला, आवरण चांगलं घातलं, थोडी वीज किंवा प्लुटोनियमची ऊब दिली, की यंत्र चालतं. ऑपॉर्च्युनिटी ही गाडी २००४ पासून २०१८ पर्यंत चालली. क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ ला उतरली, ती अजून चालते आहे. ऊब तयार करणं सोपं, गारवा तयार करून तो टिकवणं कठीण, हे मे महिन्यात शेतातल्या पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्या कुणालाही पटेल. जवळ-लांबचा यात संबंधच येत नाही.

शुक्रावरही एक जागा सुखाची आहे, फक्त ती जमिनीवर नाही. जून १९८५ मध्ये व्हेगा १ आणि २ या यानांनी तिथल्या हवेत दोन फुगे सोडले, ५४ किलोमीटर उंचीवर. तिथे दाब पृथ्वीच्या साधारण निम्मा आणि तापमान आपल्याकडच्या फेब्रुवारी-मार्चच्या दुपारसारखं. दोन्ही फुगे सेहेचाळीस तासांच्या वर चालले, वाऱ्याबरोबर अकरा हजार किलोमीटर गेले आणि बॅटरी संपल्यावरच गप्प झाले. धोका होता तो ढगांचा. तिथले ढग पाण्याचे नाहीत, गंधकाम्लाचे आहेत. रस स्वच्छ करायला आम्ही गंधक जाळून त्याचा धूर सोडतो, आणि त्याची गळती ओल्या पत्र्याला लागली की एका हंगामात पत्र्याची चाळण होते. म्हणून त्या फुग्यांच्या कापडाला टेफ्लॉनचा लेप होता. त्याच व्हेगा यानांच्या कुप्या खाली जमिनीवरही उतरल्या. त्यानंतर आजपर्यंत, चाळीस वर्षं, शुक्राच्या जमिनीवर काहीही उतरलेलं नाही.

वरून फिरणाऱ्या यानांचं मी थोडक्यात उरकतो, कारण तू उतरण्याबद्दल विचारलं आहेस. अमेरिकेच्या मॅगेलनने १९९० ते १९९४ मध्ये ढगांतून पार जाणाऱ्या रडारने ९८ टक्के शुक्राचा नकाशा केला. तिथल्या जागांना जवळजवळ सगळी नावं स्त्रियांची आहेत. लक्ष्मी पठार आहे. डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचं एक विवर आहे आणि पंडिता रमाबाईंच्या नावाचं मेधावी विवर आहे. हे मी मुद्दाम तुझ्यासाठी लिहितो आहे. मॅगेलनच्याच जुन्या चित्रांवरून २०२३ मध्ये कळलं की १९९१ साली आठ महिन्यांत एका ज्वालामुखीचं मुख आकाराने बदललं होतं, म्हणजे शुक्र अजून आतून जिवंत आहे. जपानच्या अकात्सुकी यानाचं मुख्य इंजिन २०१० मध्ये ऐन वेळी निकामी झालं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरून त्यांनी ते छोट्या थ्रस्टरवर शुक्राच्या कक्षेत बसवलं, आणि एप्रिल २०२४ पर्यंत ते काम करत होतं. धीर काय असतो ते या लोकांकडून शिकावं.

तर वाया गेली का? तूच मांड. व्हेनेरा ४ ने २२ वातावरणाला मान टाकली म्हणून ७ वं १८० साठी बांधलं. उतरण्यातच लादी वितळू नये म्हणून पुढची चकतीवर उतरवली. ८ व्याने उजेड मोजला म्हणून ९ व्याला कॅमेरा दिला. झाकणं अडकली म्हणून १३ व्याची झाकणं नव्याने केली आणि ती सगळी सुटली. आमच्याकडे हंगामाच्या शेवटी बिघाडाची वही वाचतात आणि पुढच्या हंगामाची कामं तिच्यावरून ठरतात. व्हेनेरा मालिका म्हणजे अशी वीस वर्षांची वही आहे. त्या वहीचं एक पान परवा परवापर्यंत आपल्या डोक्यावर फिरत होतं. मार्च १९७२ मध्ये व्हेनेरा ८ चं जुळं भावंड पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं, त्याला कॉसमॉस ४८२ म्हणतात. शुक्रासाठी केलेली त्याची कुपी त्रेपन्न वर्षं फिरत राहिली आणि १० मे २०२५ ला पृथ्वीवर कोसळली. रशियाने सांगितलं की ती हिंदी महासागरात पडली.

पुढे काय, हेही तू मनात विचारलं असशील. उष्णतेशी झगडण्याऐवजी उष्णतेतच चालणारी यंत्रं करायची, हा आता मार्ग आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या चिपा अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत शुक्रासारख्या दाबात आणि तापमानात, कसलंही थंड आवरण न देता, ५२१ तास चालल्या. कुठे १२७ मिनिटं आणि कुठे एकवीस दिवस! आपल्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये शुक्र मोहिमेला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले, उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलं आहे. ते यान शुक्राभोवती फिरेल, उतरणार नाही. उतरणारं यान करायला धातू, चिनीमाती आणि उष्णता यांची जाण असलेली माणसं लागतील. आपलं यान उडेल तेव्हा तू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असशील. मटेरियल्स किंवा मेटलर्जी या शाखांची माहिती आत्तापासून काढून ठेव.

आणि दसऱ्याआधी, अग्निप्रदीपनाच्या आधी, बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट असते. मी निवृत्त झालो तरी त्या दिवशी जातोच. आई-वडिलांना घेऊन ये, मी कारखान्याची परवानगी काढून ठेवतो. आम्ही बॉयलर पाण्याने भरतो आणि पंपाने हळूहळू दाब वाढवतो. काटा ९४ किलोवर आला की तुला सांगेन, हा शुक्राच्या जमिनीवरचा दाब. इन्स्पेक्टर टेस्ट पास करतील तेव्हा ड्रमला हात लावून बघ. गार लागेल.